विश्लेषण : टाळ-मृदंगाला अनुदान मिळाले, पण मुलांना भजन शिकवणार कोण?

२०२५ च्या गणेशोत्सवात राज्य सरकारने भजनी मंडळांसाठी अनुदान योजना जाहीर केली. राज्यातील १,८०० मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये, म्हणजे एकूण साडेचार कोटी. ही रक्कम भजनाच्या साहित्यासाठी आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात भजनी मंडळ नसलेले गाव शोधावे लागते. त्यामुळे या योजनेची तिथे चर्चा होणे स्वाभाविकच होते. मात्र हार्मोनियम आणि पखवाज विकत आणता येतात, ते मुलांच्या हाती देऊन त्यांना एका सुरात गायला शिकवणारा माणूस विकत आणता येत नाही. गावातले बालभजनी मंडळ चालते ते अशा एका-दोन माणसांवर. ही माणसे कोण असतात, ती काय आणि कशी शिकवतात आणि ती थांबली की मंडळ का थांबते, हे समजून घेऊ.

अनुदान किती पुरेसे?

महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावे आहेत. त्यातल्या कित्येक गावांत एकापेक्षा जास्त मंडळे असतात : वारकऱ्यांचे वेगळे, गुरुदेव सेवा मंडळाचे वेगळे, महिलांचे वेगळे. त्या तुलनेत १,८०० हा आकडा लहान आहे. २५ हजारांत एक साधी हार्मोनियम, एक पखवाज आणि टाळांचे काही जोड येतात. ज्या मंडळाकडे काहीच नाही, त्याला या रकमेचा नक्कीच उपयोग आहे. पण अनुदान एकदा मिळते, शिकवणी रोजची असते. साहित्य खरेदीची पावती जोडता येते. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरात येऊन २० मुलांना तासभर बसवणाऱ्याच्या वेळेची पावती कुठे जोडायची, याचे उत्तर साहित्याच्या अनुदानात नाही.

बालभजनी मंडळ म्हणजे नेमके काय?

शहरात ज्याला मुलांचा गायनवृंद म्हणतात, त्याचे गावातले रूप म्हणजे बालभजनी मंडळ. साधारण आठ ते १५ वर्षांची मुले-मुली त्यात असतात. चर्चमधल्या किंवा पाश्चात्त्य पद्धतीच्या वृंदात वेगवेगळे गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात. भजनात तसे नसते. सगळे एकच चाल, एकाच स्वरात गातात. एक जण चरण म्हणतो, बाकीचे ध्रुपद धरतात. म्हणून ऐकायला ते सोपे वाटते. प्रत्यक्षात २० मुलांनी एकाच क्षणी शब्द उचलणे, एकाच क्षणी सोडणे आणि हातातला टाळ न चुकवणे हे अवघड काम आहे. एकाचा टाळ अर्ध्या मात्रेने मागे पडला तरी सगळ्यांना कळते.

हरिपाठ हा बहुतेक मंडळांचा पहिला पाठ. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २८ अभंग मुले तोंडपाठ करतात. ते उभ्याने, समोरासमोर दोन रांगा करून, पावली टाकत म्हणायचे असतात. म्हणजे गाणे, टाळ आणि पाऊल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी. हरिपाठ बसला की पुढे रूपाचे अभंग, गवळण, भैरवी असा क्रम लागतो. शेवटी पसायदान.

बुलढाण्यात ही परंपरा कुठून आली?

जिल्ह्यात दोन प्रवाह ठळक दिसतात. पहिला वारकरी. त्याचे मोठे केंद्र म्हणजे शेगाव. गजानन महाराजांनी १९१० मध्ये शेगावात समाधी घेतली. त्यांच्या संस्थानची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पायी पंढरपूरला जाते. टाळकऱ्यांच्या सरळ रांगा आणि एकसारखे पडणारे पाऊल ही या दिंडीची ओळख आहे. गावोगावच्या मुलांसाठी ‘भजन कसे दिसले पाहिजे’ याचा तो नमुनाच. संस्थानने खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि संतांचे ग्रंथही दिले आहेत. शेगावात संस्थानची वारकरी शिक्षण संस्थाही आहे.

दुसरा प्रवाह राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. त्यांचा जन्म १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावलीत झाला. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. हाती खंजिरी, सोपे शब्द आणि ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, एकोपा हे विषय अशी त्यांच्या भजनांची धाटणी होती. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांत सामुदायिक प्रार्थना होते आणि तिथे मुले पहिल्या रांगेत बसतात. विदर्भातल्या अनेक मुलांच्या हाती पहिले वाद्य पडते ते खंजिरी.

दोन्ही प्रवाहांत एक गोष्ट सारखी आहे. गाणे शिकायला प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. ज्याला यायचे त्याने यावे.

शिकवणारे कोण असतात?

वरून पाहता ‘महाराज शिकवतात’ एवढेच दिसते. पण मंडळात कामे वाटलेली असतात.

चाल सांगणारा : हा मुख्य गायक. कुठला अभंग कुठल्या चालीत, कुठे उचलायचा, कुठे सोडायचा हे तो ठरवतो. वारकरी परिभाषेत तयारीच्या गायकाला गायनाचार्य म्हणतात.

पखवाजी : लय त्याच्या हातात. मुले घाईत पळू लागली की तो त्यांना मागे ओढतो. अनेक गावांत गायक मिळतो, पखवाजी मिळत नाही. मग शेजारच्या गावचा वादक सप्ताहापुरता बोलावला जातो आणि रोजचा सराव नुसत्या टाळांवर चालतो.

पेटीवाला : हार्मोनियमवर सूर धरून ठेवणारा. पेटी आहे पण वाजवणारा नाही, हेही चित्र नवे नाही.

विणेकरी : अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लावून ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दिवसाच्या पहाऱ्याला मोठी मुलेही उभी राहतात.

मुले गोळा करणारा : या कामाला नाव नाही. घरोघर निरोप देणे, अंधार पडल्यावर लहानग्यांना घरी सोडणे, परीक्षा जवळ आली की पालकांशी बोलणे, कार्यक्रमाला जाताना गाडी ठरवणे. बहुतेक ठिकाणी हे काम एखादी आई किंवा शिक्षक करतात. मंडळ टिकण्यात यांचा वाटा गायकाइतकाच असतो.

ही माणसे येतात कुठून? काही जण आळंदीला शिकून गावी परतलेले असतात. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथे चार वर्षांचा विनामूल्य अभ्यासक्रम आहे. पुढे त्याच धर्तीवर राज्यभर संस्था निघाल्या. काही जण जिल्हा परिषद शाळेतले गाण्याची आवड असलेले गुरुजी किंवा बाई असतात. आणि बरेचसे कुठेही न शिकलेले, वडिलांच्या मागे बसून ऐकत ऐकत तयार झालेले शेतकरी असतात. त्यांना रागाचे नाव सांगता येईलच असे नाही, पण एकदा ऐकलेली चाल ते विसरत नाहीत.

शिकवणी कशी चालते?

पद्धत जुनी आहे : सांगायचे आणि म्हणून घ्यायचे. शिकवणारा एक ओळ म्हणतो, मुले तीच परत म्हणतात. बसेपर्यंत. वहीत स्वरलेखन नसते. वहीत फक्त शब्द.

अनुभवी शिकवणारे पहिल्या काही दिवसांत गाणे घेतच नाहीत. आधी टाळ. दोरी बोटांत कशी गुंडाळायची, कडेवर कडा कशी टेकवायची, खुला आवाज आणि दाबलेला आवाज यांत फरक काय. मग आठ मात्रांचा भजनी ठेका, आधी टाळीवर आणि मग टाळावर. नंतर त्याच ठेक्यावर चालणे. पायात लय बसली की ती गळ्यात उतरायला वेळ लागत नाही.

त्यानंतर शब्द. सातशे वर्षांपूर्वीची मराठी आजच्या तिसरीतल्या मुलाला जशीच्या तशी कळत नाही. अर्थ न सांगता पाठ करून घेतले की शब्द चुकीच्या जागी तुटतो आणि चूक वर्षानुवर्षे तशीच म्हटली जाते. म्हणून चांगला शिकवणारा आधी अभंग गोष्टीसारखा सांगतो आणि मग चाल लावतो.

सरावाचे वेळापत्रक शेती ठरवते. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची काढणी. या दिवसांत शिकवणारा शेतात असतो आणि मोठी मुलेही. श्रावण, गणपती आणि उन्हाळी सुट्टी हा भराचा काळ. उन्हाळ्यात गावोगाव होणारी बालसंस्कार शिबिरे याच सुट्टीत बसवली जातात.

‘पट्टी’चा प्रश्न काय आहे?

मुलांच्या भजनात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथे. हार्मोनियमची कुठली पट्टी षड्ज धरायची, यावर गाण्याची उंची ठरते. सर्वसाधारणपणे पुरुष काळी एक-दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी दोघांचेही स्वरतंतू आखूड असतात, त्यामुळे दोघांचा आवाज स्त्रियांच्या पट्टीजवळ असतो.

आता शिकवणारा पुरुष काळी एकमध्ये गातो असे धरू. मुलांपुढे दोन वाटा राहतात. त्याच्याच सप्तकात गायचे, तर खालचे स्वर लागत नाहीत आणि आवाज पुटपुटल्यासारखा येतो. एक सप्तक वर, म्हणजे दुप्पट कंपनसंख्येवर गायचे, तर चाल तार सप्तकात चढल्यावर गळा ताणावा लागतो. मुले दुसरी वाट धरतात आणि ओरडतात. ऐकणाऱ्यांना तो ‘जोश’ वाटतो. रोजच्या ओरडण्याने मात्र आवाज बसतो, घोगरा होतो आणि काही मुलांच्या स्वरतंतूंवर गाठीही येऊ शकतात.

उपाय सोपा दिसतो : पट्टी बदला. पेटीवर ते क्षणात होते. पखवाजावर नाही. ताण कमी-जास्त करून पखवाज थोडा चढवता-उतरवता येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. मोठ्यांच्या पट्टीचा पखवाज मुलांच्या पट्टीला लागत नाही. म्हणजे मोठ्यांसाठी घेतलेले वाद्यच मुलांनी किती उंच गायचे हे ठरवून टाकते. अनुदानातून पखवाज घेताना मुलांच्या पट्टीचा घ्यावा, हे दुकानदार सांगत नाही. ते शिकवणाऱ्यालाच माहीत असावे लागते.

आवाज फुटतो तेव्हा काय?

साधारण १२ ते १५ या वयात मुलग्यांचा आवाज बदलतो. कालपर्यंत मंडळाचा मुख्य गायक असलेला मुलगा अचानक बेसूर होतो, आवाज मध्येच फाटतो, बाकीची हसतात. मंडळ सोडण्याचे हे एक मोठे कारण आहे. जाणता शिकवणारा अशा मुलाला घरी पाठवत नाही. काही महिने उंच स्वर बंद, हातात पखवाज किंवा वीणा. आवाज स्थिरावला की तो पुन्हा गातो, बहुधा नव्या पट्टीत. याच काळात पखवाजाला बसलेल्या मुलातून गावाला पुढचा पखवाजी मिळू शकतो.

मुलींचा आवाज एवढा ठळक बदलत नाही. पण याच वयात त्यांना संध्याकाळी घराबाहेर पाठवणे थांबते. सरावाची वेळ उजेडाची ठेवणे आणि शिकवणाऱ्यांत एक तरी महिला असणे, या दोन गोष्टींनी मुलींची संख्या टिकू शकते.

हे काम शाळेचे नाही का?

कागदावर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या शाळेत १०० पेक्षा अधिक विद्यार्थी असतील, तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असायला हवा. मात्र ‘कला’ या शब्दात चित्रकला, हस्तकला आणि संगीत सगळेच येते, त्यामुळे निदेशक संगीताचाच असेल असे नाही. शिवाय खेड्यांतल्या अनेक शाळांची पटसंख्या शंभरच्या आतच असते. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला बोलावण्याची तरतूद सुचवली आहे. गावच्या भजनी बुवांना शाळेत आणण्यासाठी हे दार उघडे आहे.

शाळेत समूहगान नसते असेही नाही. रोजचा परिपाठ हा राज्यातला सर्वांत मोठा गायनवृंदच म्हणता येईल. २०२३ पासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत त्यात आले. संगीतकार वसंत देसाई यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांसाठी बांधलेल्या प्रार्थना आजही शाळाशाळांत गायल्या जातात. फरक एवढाच की परिपाठात सगळे गातात, पण कुणाचा सूर कुठे चुकला हे सांगायला कुणी नसते.

मुलाला निवासी संस्थेत पाठवावे का?

गावात शिकवणारा नसला की पालक आळंदी किंवा अन्य ठिकाणच्या निवासी संस्थांचा विचार करतात. चांगल्या संस्था आहेत आणि त्यांनी पिढ्या घडवल्या आहेत. पण आळंदीतील काही निवासी संस्थांमध्ये मुलांवर अत्याचाराचे गुन्हे दाखल झाल्यानंतर विनापरवाना संस्थांचा प्रश्नही पुढे आला आहे. म्हणून पाठवण्यापूर्वी काही गोष्टी पाहायलाच हव्यात :

– संस्था नोंदणीकृत आहे का? कागद मागून पाहा.
– मुलगा नियमित शाळेत जाणार का, कोणत्या?
– राहण्याची खोली, स्वच्छतागृह, जेवण प्रत्यक्ष पाहा. रात्री मुलांसोबत कोण असते ते विचारा.
– न कळवता भेटायला येऊ देतात का? मुलाला घरी खासगीत फोन करता येतो का?
– काही खटकल्यास १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. पॉक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असूनही ती न देणे हाही गुन्हा आहे.

यातले तत्त्व गावातल्या मंडळालाही लागू आहे. सराव उघड्या सभामंडपात असावा, पालकांना केव्हाही येऊन बसता यावे. गावातल्या मंडळाची ही मोठी जमेची बाजू आहे : मूल रात्री घरी झोपते आणि शिकवणारा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

शिकवणाऱ्याला मिळते काय?

रोजच्या शिकवणीचे बहुधा काहीच नाही. सप्ताहात शाल, श्रीफळ, बिदागी, कधी शिधा. कीर्तनकाराचे मानधन ठरलेले असते, मुलांना वर्षभर तयार करणाऱ्याचे नसते. राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. त्यात महिना पाच हजार रुपये मिळतात, पण ५० वर्षे वय (दिव्यांगांना सवलत), किमान १५ वर्षांचे काम आणि उत्पन्नाची अट आहे. म्हणजे ही मदत उतारवयातली. आळंदीहून शिकून आलेल्या २२ वर्षांच्या तरुणाला गावात थांबायला ती उपयोगी नाही. तो पुण्याला, संभाजीनगरला कामाला जातो आणि मंडळ बंद पडते.

मंडळ टिकवायचे कसे?

गावातल्या बालभजनी मंडळाचे आयुष्य बहुधा शिकवणाऱ्याच्या गावातल्या मुक्कामाएवढे असते. ते वाढवायचे तर पुढचा शिकवणारा आजच तयार करावा लागतो. यासाठी फार पैसा लागत नाही.

दुसरी फळी : १४-१५ वर्षांच्या दोन मुलांकडे लहान गटाची जबाबदारी द्यावी. आठवड्यातला एक दिवस त्यांनीच शिकवावे, बुवांनी फक्त बसावे.

चालींची नोंद : अनेक गावांच्या खास चाली एका माणसाच्या डोक्यात असतात. मोबाइलवर त्या शांत खोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. चालीचे नाव, अभंगाची पहिली ओळ, कुणाकडून आली ही माहिती बोलून जोडावी. फाइल एकाच फोनमध्ये ठेवू नये.

परीक्षांची जोड : गोडी असलेल्या मुलांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांना बसवावे. शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षांचे दहावीला सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे ‘भजनाने अभ्यास बुडतो’ म्हणणाऱ्या पालकांनाही उत्तर मिळते.

ठरलेले मानधन : सप्ताहाच्या वर्गणीतला एक छोटा हिस्सा वर्षभराच्या शिकवणीसाठी बाजूला काढता येतो. मंडप, लाउडस्पीकर आणि महाप्रसादाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जातोच. त्यात एक ओळ मुलांच्या शिकवणीची वाढली, तर सप्ताहात गायला मुले मिळतील. पुढे त्यांतलाच कुणी लहानग्यांसमोर पेटी घेऊन बसेल.